खाडा

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीने माझा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि लॅमिनेट केलेलं मानपत्र. मानपत्रावर माझ्या नावाखाली 'व्यसनमुक्तीचा आदश' असं छापलं होतं. छापणाऱ्याने रफार खाल्ला होता. सेक्रेटरी त्याबद्दल दिलगिरी व्यक्त करत होते, मी मनात म्हणालो, राहू द्या, पूर्ण आदर्श मी तसाही नाही.

सेक्रेटरींनी माइकवरून सांगितलं, "गुढीपाडव्यापासून यांनी व्हेपला हात लावलेला नाही." टाळ्या पडल्या. पहिल्या त्र्याण्णव दिवसांपुरतं ते शंभर टक्के खरं होतं. त्यानंतरचे दोन महिने झब्ब्याच्या उजव्या खिशात होते. आंबा फ्लेवर, निळ्या रंगाची, बोटभर लांब. झब्बा पांढरा, कापड मलमलीचं, वर मंडपातला हॅलोजन. मी नारळ छातीशी न धरता खिशासमोर धरून उभा राहिलो. नारळाचा इतका व्यावहारिक उपयोग मी आजवर केला नव्हता.

व्हेप म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्या घरात कॉलेजला जाणारं मूल नसावं. बॅटरी, तार, निकोटिनचं गोड पाणी. तार तापते, पाण्याची वाफ होते, ती ओढायची. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ साली आजच्या रूपातली ही वस्तू काढली. तो स्वतः पट्टीचा सिगरेटी ओढणारा, वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेलेले. सिगरेट सुटावी म्हणून त्याने केलेला हा उद्योग. मीही सिगरेट सुटावी म्हणूनच घेतली. सिगरेट सुटली. दिवसाला पाच सिगरेटी ओढणारा मी, दिवसाला किती झुरके मारतो ते मोजायचं सोडून देणारा झालो.

इथे थोटकाची थोरवी सांगायला हवी. सिगरेटला थोटूक असतं. दहाबारा झुरक्यांत ती संपते, बोटाला चटका देते आणि म्हणते, झालं, जा आता कामाला. व्हेपला थोटूक नाही. ती संपत नाही, तिचं चार्जिंग संपतं. ती जिन्यात चालते, लिफ्टमध्ये चालते, झूम मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून चालते, उशीखाली झोपते. वरून निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल घालून त्याचा क्षार करण्याची युक्ती २०१५च्या सुमारास अमेरिकेतल्या जूल या ब्रँडने बाजारात रुजवली. त्यामुळे कितीही कडक माल घशाला खुपेना. पूर्वी ठसका तरी लागायचा. ठसका हा शरीराचा सेक्रेटरी. त्यालाच कामावरून काढून टाकलं.

"पण ही तर बंद आहे ना आपल्याकडे?" आहे की. १८ सप्टेंबर २०१९ला केंद्र सरकारने वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, साठवणं, जाहिरात करणं, सगळ्याला बंदी. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. आपल्या राज्यात गुटखाही २०१२पासून बंद आहे. त्या गुटख्याच्या लाल पिचकाऱ्या जिन्याच्या कोपऱ्यात कोण काढतं हा पुरातत्त्व खात्याचा विषय. माझा टपरीवाला मात्र कायद्याला इतका मानायचा, की 'व्हेप' हा शब्दच उच्चारायचा नाही. "साहेब, चार्जर हवाय का?" असं विचारायचा. बाराशे रुपयांचा चार्जर.

तर गुढीपाडव्याला मी पहिल्यांदा सोडली. नुसती सोडली नाही, जाहीर केली. चुकलं ते इथेच. ऑफिसच्या ग्रुपवर, सोसायटीच्या ग्रुपवर, शाळेच्या मित्रांच्या ग्रुपवर. एकूण दोनशे अठ्ठ्याहत्तर अंगठे आले. एकाने फुप्फुसाचा फोटो पाठवला, काळ्याचा आणि गुलाबीचा. एकाने प्राणायामाचा व्हिडिओ पाठवला, तो पाहायला लागणारा वेळ पाहूनच तल्लफ आली. जिममधल्या मित्राने फक्त "इच्छाशक्ती!!" असं लिहिलं. मराठी माणूस दुसऱ्याला जे काही फुकट देतो त्यात इच्छाशक्तीचा क्रमांक पहिला लागतो. हे सगळे माझ्या पाठीशी होते. अगदी पाठीशीच, समोर कोणी दिसत नव्हतं.

त्र्याण्णवाव्या दिवशी मी घसरलो. पाऊस, खंडाळा, गरम भजी, जुने मित्र असं काही सांगता आलं असतं तर बरं दिसलं असतं. प्रत्यक्षात मी मुलीच्या भरतनाट्यमच्या क्लासबाहेर गाडीत बसलो होतो. विमावाल्याने पीयूसीचा फोटो मागितला होता म्हणून समोरचा कप्पा उपसत होतो. पीयूसी सापडेना. त्याच्या जागी जुनी व्हेप सापडली. प्रदूषण नियंत्रणात असल्याचा दाखला शोधताना! दिवा एकदा लुकलुकला. म्हणजे थोडं चार्जिंग होतं. मी म्हणालो, चालते का ते तरी बघू.

चालत होती.

एक झुरका, फार तर चार. तिथेच थांबलो असतो तर या लेखाला विषय राहिला नसता. पण मी मनाशी म्हणालो, आता मोडलंच आहे. संध्याकाळी टपरीवर जाऊन नवा 'चार्जर' आणला. एकादशीला चुकून भाताचा घास गेला तर माणूस राम राम म्हणून पुन्हा साबुदाण्याकडे वळतो, मटणाच्या दुकानासमोर रांग लावत नाही. व्यसनात मात्र आपण थेट मटणाच्या दुकानात. ॲलन मार्लाट नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने, गॉर्डन या सहकारिणीबरोबर, १९८५ साली यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं, पाय एकदा घसरणं वेगळं आणि गडगडत तळाला जाणं वेगळं. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत माणसाला नेते ती 'मी असलाच, माझ्याच्याने होणारच नाही' ही भावना. वस्तू बिचारी निमित्ताला.

माझ्या बाबतीत त्या भावनेच्या जोडीला ते दोनशे अठ्ठ्याहत्तर अंगठे होते. सांगणार कोणाला? ज्या माणसाने काळं फुप्फुस पाठवलं त्याला? मी गप्प बसलो, आणि अंगठ्यांची शाल झाली.

आता आत्या.

आत्या सदुसष्ट वर्षांची, कोरेगावजवळच्या गावची. दरवर्षी गौरींना माहेरवाशीण म्हणून आमच्याकडे येते. सत्काराच्या वेळी दुसऱ्या रांगेत बसून तिने भरपूर टाळ्या वाजवल्या होत्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. पहाटे पावणेपाचला मी मागच्या गॅलरीत गेलो. वॉशिंग मशीन आणि कपड्यांचा स्टँड यांच्या मधली जागा माझी. तिथे आधीच कोणी तरी बसलं होतं. मशीनच्या आडोशाला, उकिडवं. मांडीवर हळदीकुंकवाचा करंडा. करंड्याच्या कुंकवाच्या खणात कुंकू नव्हतं. काळी पूड होती. उजव्या हाताची तर्जनी गालात.

मशेरी.

मी खिशातून हात काढायच्या आत ती म्हणाली, "काय रं, ह्या पेनातनं धूर निघतोय व्हय?"

"आत्या, तू तर सोडलीस ना?"

"सोडलीच हाय. ही तेवढी पहाटंची."

मी हसलो. ती हसली नाही. बोट गालात असताना हसता येत नाही. मग तिने चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "तुज्या सत्काराला टाळ्या वाजिवल्या म्या. पन बगत हुते तुज्या नारळाकडं. नारळ आसा कुनी धरतंय व्हय? पोटुशी बाई पोट धरती तसा धरला हुतास."

मंडपातल्या दोनशे माणसांत एकटीला दिसलं. चोराच्या वाटा चोराला ठाऊक, ही म्हण आमच्या घराण्यात आता प्रमाणपत्रासारखी लावायला हरकत नाही.

तिची कथा माझ्याहून निराळी नव्हती. फक्त आंब्याचा वास नव्हता. लग्न होऊन सासरी आली तेव्हा सासू तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, सगळी आळी शिंकायची. सासूनेच हातावर चिमूट ठेवली. पोट साफ होतं, दात दुखत नाही, भूक मरते. शेतावर जाणाऱ्या बाईला तिन्ही गोष्टी सोयीच्या. पन्नास वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरने गालात आतून पांढरा चट्टा बघितला आणि सांगितलं, आजपासून बंद. नातवाने डबी विहिरीत टाकली आणि त्याचा व्हिडिओ काढला. बचत गटाच्या बैठकीत ताईंनी तिला उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. एकवीस दिवस निभावलं. बाविसाव्या दिवशी जाऊबाईंच्या डबीतून चिमूट. तेव्हापासून करंडा.

"मग कोणाला सांगितलं नाहीस?"

"कुनाला सांगू? इहिरीला?"

तेवढ्यात खाली दूधवाल्याची घंटी वाजायला हवी होती, वाजली नाही. आत्या उठून स्वयंपाकघरात गेली, दिवा लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरासमोर उभी राहिली. माझी बायको त्यावर दुधाचा हिशेब लिहिते. ज्या दिवशी दूध येत नाही त्या तारखेला गोल. त्या महिन्यात तीन गोल होते. आज चौथा होणार होता.

"ह्यो कसला गोल?"

"खाडा."

"म्हंजे म्हैन्यात तीन-तीन खाडं करतोय गडी. बंद केलास का त्याला?"

"नाही."

"मंग?"

मार्लाटला पुस्तकभर जागा लागली. आत्याला अडीच अक्षरं पुरली.

करार तिथेच झाला. जगाला सांगायचं नाही, एकमेकांना लपवायचं नाही. रोज सकाळी सहा चाळीसला फोन. त्याआधी तिच्याकडे नळाला पाणी येतं आणि माझ्याकडे अंगात प्राण येत नाही. तिने विचारायचं, "खाडा?" मी सांगायचं, "नाही" किंवा "एक". मग मी तिला. शाबासकी द्यायची नाही, शिव्या द्यायच्या नाहीत. खाडा असेल तर तीन प्रश्न: कुठं, कधी, हातात काय होतं. रतीब चालू.

यातलं 'शाबासकी द्यायची नाही' हे कलम सगळ्यात मोलाचं, आणि पाळायला सगळ्यात अवघड. सलग आठ दिवस झाले तेव्हा मी उत्साहाने म्हणालो, "आत्या, आठवडा झाला की!" पलीकडून शांतता. मग, "मंग काय वाजंत्री लावू?" फोन बंद.

ते तीन प्रश्न मात्र पंचनाम्यासारखे चालायचे. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. माझे सगळे खाडे गाडीत, उभ्या गाडीत, एकटा असताना, हातात मोबाइल. तिचे सगळे पहाटे, शौचाला जायच्या आधी. म्हणजे माझा गुन्हेगार ताण नव्हता (तसं मी ऑफिसात सगळ्यांना सांगत असे), माझा गुन्हेगार पार्किंग होतं. आता मी क्लासच्या पायरीवर बसतो. तिथे सात आया आणि एक आजोबा असतात. आंब्याचा धूर काढायची हिंमत होत नाही. आत्याने चहाची वेळ अलीकडे आणली आणि त्याआधी तांब्याभर कोमट पाणी. काम होतं, म्हणते. रोज नाही, पण होतं.

पहिले तीन दिवस वाईट गेले. निकोटिन शरीरातून लवकर निघून जातं, निघताना भांडी आपटत जातं. तिसऱ्या दिवशी मी मिक्सरवर ओरडलो. मिक्सर चालू होता, मी त्याला "हळू!" म्हणालो. मुलीने आईकडे बघितलं. बायको काही बोलली नाही. तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे मला पुढे कळलं. "भाद्रपदात उशीला हापूसचा वास येतो म्हणजे काय ते मला कळत नाही का?" पण तिने खिसे तपासले नाहीत, एकदाही नाही. आत्याच्या खालोखाल श्रेय द्यायचं तर या न तपासलेल्या खिशांना.

मदतीसाठी नंबरही आहे बरं का. १८००-११-२३५६, फुकट. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली सुरू झाला, आणि २०१८पासून तंबाखूच्या पाकिटांवर छापला जातो. पण गंमत बघा, तो छापायचा तर पाकीट कायदेशीर लागतं! माझ्या बेकायदा वस्तूवर नंबर नव्हता, आंब्याचं चित्र होतं. आत्याच्या करंड्यावर मोर. सोडण्याचा नंबर मिळवायला मला सहकाऱ्याचं सिगरेटचं पाकीट उसनं घ्यावं लागलं. त्याने पाकीट पुढे केलं, मी एकही न काढता फोटो काढून परत दिलं. तो अजून माझ्याकडे संशयाने बघतो.

फोनवरच्या बाईंनी विचारलं, "शेवटची कधी घेतली? कुठे होतात? सोबत कोण होतं?" मी चाट पडलो. आत्या गुपचूप दिल्लीला प्रशिक्षण घेऊन आली असावी. त्यांनी पुन्हा फोन करायची तारीख दिली आणि त्या तारखेला खरंच फोन आला. सरकारी नंबरावरून आपण होऊन आलेला हा माझ्या आयुष्यातला पहिला फोन.

डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगम दिलं, दोन मिलिग्रॅमचं. मी ते बबलगमसारखं चावलं आणि तासभर उचक्या देत बसलो. ते तसं चावायचं नसतं. दोनचार वेळा हळू चावायचं, जीभ चुरचुरली की गालात दाबून ठेवायचं, चुरचुर गेली की पुन्हा. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे मशेरीच की. डाक्टरनं दिली की औशद, सासूनं दिली की येसन."

सगळ्यांना आत्या नसते, हे मान्य. अमेरिकेत त्यावरही तोडगा निघाला. व्हेप ओढणाऱ्या अठरा ते चोवीस वर्षांच्या २५८८ मुलामुलींवर प्रयोग झाला, निष्कर्ष २०२१ साली छापून आले. निम्म्यांना मोबाइलवर रोज मेसेज यायचे, बाकीच्यांना नाही. सात महिन्यांनी मेसेजवाल्यांतल्या २४.१ टक्क्यांनी सोडलेली होती, बाकीच्यांतल्या १८.६ टक्क्यांनी. फरक साडेपाच टक्क्यांचा, म्हटलं तर किरकोळ. पण मेसेज पाठवत होतं यंत्र. यंत्राने विचारपूस केली तरी माणूस थोडा सावरतो.

आणि पुण्यात राहून मी मुक्तांगणला का गेलो नाही? १९८६पासून ते इथे आहे. अनिता आणि अनिल अवचटांनी उभं केलेलं, पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैसे घातलेलं. न जाण्याचं कारण सांगायला लाज वाटते, आणि लाज हेच ते कारण. दारू सोडायला जाणाऱ्याला वजन असतं. आंब्याच्या वाफेसाठी कोण जाणार? व्यसनातसुद्धा आपल्याला प्रतिष्ठेचं व्यसन हवं असतं.

कराराचा एकच बळी गेला, दूधवाला. आम्ही दोघांचे खाडे माझ्याच कॅलेंडरावर लिहीत होतो. आत्याचा 'आ', माझा नुसता गोल. बायकोचेही गोलच. पहिल्या महिन्याअखेर तिने गोल मोजले, अकरा भरले, आणि अकरा दिवसांचे पैसे कापून दूधवाल्याच्या हातावर ठेवले. तो दारात शपथा घेऊ लागला, "ताई, चारच! देवाशप्पथ चारच!" बायको तारखा दाखवत होती. मी हॉलमध्ये पेपरमागे बसून होतो. आदर्श पुरुषाने अशा वेळी उठून खरं सांगायचं असतं. माझा रफार नव्हता. दहा मिनिटांनी उठलो. "त्यातले सात माझे आहेत," म्हणालो. दूधवाल्याला काही कळलं नाही. त्याला वाटलं, सात दिवस दूध मी स्वतः आणलं. बायकोने माझ्याकडे बघितलं, पैसे मोजून त्याला दिले आणि आत जाऊन लाल पेन आणून माझ्या हातात दिलं. "तुमचे लालने करा."

पहिल्या महिन्यात लाल सात, दुसऱ्यात चार, मग दोन, मग एक. गेले पाच महिने मिळून एकच, मार्चअखेरीचा, पुन्हा गाडीत. मुलीच्या क्लासला सुट्टी आहे हे विसरून पोचलो होतो, पायरीवर कोणी नव्हतं. आत्याचे 'आ' अजून महिन्याला दोनतीन असतात. पन्नास वर्षांचा रतीब आहे तो, माझा चार वर्षांचा. दर तीन महिन्यांनी ती तालुक्याला जाऊन गाल दाखवते. चट्टा वाढलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे सांगतानाही तिने आवाज चढवला नाही, वाजंत्रीचा प्रश्न नको म्हणून असेल.

परवा सेक्रेटरींचा फोन आला. गणपती जवळ आले, यंदा व्यसनमुक्तीसाठी कोणी सत्कारमूर्ती सुचवा. मी त्यांना आत्याबद्दल बोललो नाही, आधी तिला विचारावं म्हटलं. काल सहा चाळीसला विचारलं.

"नारळ धाडून द्या म्हनावं. शाल हाय माज्यापाशी."

गेल्या वर्षी गौरींच्या विसर्जनानंतर निघताना माझी शाल तिनेच पिशवीत घातली होती. तुज्या कामाची न्हाई, म्हणाली होती.

"बरं. खाडा?" तिने विचारलं.

"नाही. तुझा?"

पलीकडे बादली भरल्याचा आवाज. नळ बंद झाला.

"येक."

"कुठं?"

"परड्यात. पहाटं."

"हातात काय होतं?"

"हातात काय आसनार, करंडा. अंगावर तुजी शाल."

मी पेन शोधायला उठलो.